धारेपुरतंच पोलाद

मंडळी, आजचा विषय सॅक्स. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्कँडिनेव्हिया या सगळ्या पट्ट्यात साधारण पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंत लोकांच्या कमरेला असायची ती एकधारी सुरी. बोटभर पात्यापासून जवळजवळ तलवारीएवढ्या पात्यापर्यंत सगळं या एका नावात मावतं. तिच्या पराक्रमाच्या गोष्टी बऱ्याच आहेत. 575 साली फ्रँकांचा (आजच्या फ्रान्सकडच्या जर्मनिक टोळीचा) राजा सिगेबर्ट मारला गेला तो विष लावलेल्या अशाच सुऱ्यांनी, असं त्या काळचा बिशप, तूर्सच्या ग्रेगरीनं लिहून ठेवलंय. पण ते इतिहासवाल्यांचं काम. मी बोलणार आहे लोहाराच्या हिशेबाबद्दल. त्या काळात पोलाद महाग होतं. सॅक्स कशी घडली हे समजून घ्यायचं असेल तर आधी ही महागाई लक्षात घ्यावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात प्रसिद्ध सॅक्स ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. 1857 साली बॅटर्सीजवळ थेम्स नदीत सापडली. शेपटीसकट, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागासकट, 72 सेंटिमीटर लांब, त्यातलं पातं 55 सेंटिमीटर. पात्यावर तांब्या-पितळेच्या आणि चांदीच्या तारा ठोकून रून नावाच्या जुन्या लिपीतल्या 28 अक्षरांची अख्खी वर्णमाला बसवलीय आणि पुढं ‘बेअग्नोथ’ हे नाव. देखणी आहे, वादच नाही. पण केंटमधल्या सिटिंगबोर्नला सापडलेली मला जास्त आवडते. तिच्या एका बाजूवर कोरलंय की बिओर्थेल्मनं मला बनवलं आणि दुसऱ्या बाजूवर सिगेबेरेख्त माझा मालक. कारागिराचं आणि गिऱ्हाइकाचं नाव एकाच पात्यावर! आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते घेणाऱ्याचं. घडवणाऱ्याचं कोण घालतं?

पण अशा दोन-चार वस्तूंवरून त्या काळाची कारागिरी ओळखता येत नाही. ती ओळखायला इंग्लंडमधल्या यॉर्कला जावं लागतं. तिथं कॉपरगेट नावाच्या रस्त्यावर 1976 ते 1981 या काळात उत्खनन झालं. जमीन ओली, आत हवा शिरत नाही, त्यामुळे लाकूड आणि कातडंसुद्धा टिकलं. दोनशेहून जास्त सुऱ्या निघाल्या. घरातल्या, दुकानातल्या, रोजच्या वापरातल्या. त्यातल्या काहींचे आडवे छेद घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, आणि लोहारानं काय केलं होतं ते उघड झालं. पाठ साध्या मऊ लोखंडाची आणि धारेला पोलादाची पट्टी. कधी ती पट्टी खालून जोडलेली, कधी दोन लोखंडी गालांच्या मधे धरलेली. जोडाच्या जागी अनेकदा एक पांढरी रेघ दिसते. तापवताना लोखंडाचा पृष्ठभाग जळतो, पण त्यातला आर्सेनिक जळत नाही, तिथंच साठत जातो. ती रेघ त्याची. हजार वर्षांनंतरही जोड कुठं दिला ते बोट ठेवून दाखवता येतं.

असं का करायचं? तेव्हा लोखंड वितळवत नसत. लोखंड वितळायला दीड हजार अंशांच्या वर उष्णता लागते. मातीच्या त्या बुटक्या भट्ट्यांमधे लोणारी कोळशावर खनिजातली मळी वितळून खाली गळायची आणि हातात यायचा लोखंडाचा सच्छिद्र गोळा, मळीनं भरलेला. तो तापवून ठोकायचा, दुमडायचा, पुन्हा ठोकायचा. त्यात कार्बन कुठं असायचा, कुठं नसायचा. धार टिकवेल असा, म्हणजे अर्धा-पाऊण टक्का कार्बन असलेला तुकडा त्यातून निवडून काढायचा किंवा कोळशात बराच वेळ तापवून मुद्दाम तयार करायचा. एवढ्या खटाटोपानं मिळालेलं पोलाद पाठीला कोण घालेल?

आता आपण करतो ते पाहू. आज हौसेनं सॅक्स बनवणारे बहुतेक जण ट्रकच्या कमानीचं पाटं घेतात. भंगारात सहज मिळतं, पाणी छान पितं, म्हणजे तापवून विझवलं की कडक होतं. जुनं पाटं घेतलं तर आतल्या बारीक चिरा तपासा, एवढंच सांगतो. त्यातून उत्तम सुरी होते, पण ती सगळी एकाच पोलादाची. आकार सॅक्सचा आला, लोहारापुढचा प्रश्न आलाच नाही. म्हणून मी शिकणाऱ्यांना सांगतो, पहिली सुरी पाट्याची करा, हात बसवा. पण दुसरी जोडाची करा.

जोडाचं सगळं गणित उष्णतेत आहे. लोखंड आणि पोलाद एकजीव व्हायला पिवळाधमक ताव लागतो, साधारण बाराशे अंशांच्या पुढे. लोखंडाला तो आवडतो. पोलादाला नाही, जरा जास्त झाला की ठिणग्या उडू लागतात, म्हणजे पोलाद जळायला लागलं. या दोघांच्या मधली जागा अरुंद आहे. पृष्ठभागावरचा जळालेल्या लोखंडाचा थर विरघळून वाहून जावा म्हणून आपण टाकणखार टाकतो, ते लोक वाळू वापरत असावेत. पहिले ठोके हलके द्यायचे. जोर दाखवायची हौस असेल तर ती जोड बसल्यावर भागवा.

मग घडण. सॅक्सची इंग्लंडमधली ओळखीची तऱ्हा म्हणजे मोडक्या पाठीची: पाठ सरळ जाते आणि टोकाकडे एकदम कोन करून धारेकडे उतरते. काम सोपं दिसतं, पण धार पातळ करायला ठोकलं की धारेची बाजू लांबते आणि पातं पाठीकडे वाकतं, केळ्यासारखं. म्हणून धार काढायच्या आधीच पातं मुद्दाम उलट्या बाजूला, धारेकडे वाकवून ठेवायचं. ठोकता ठोकता ते आपोआप सरळ होतं. हे ऐरणीवर एकदा पाहिलं की पुरे.

घडण झाल्यावर दोन-तीनदा लाल करून हवेत निवू द्यायचं, म्हणजे आतला ताण जातो. मग पाणी पाजायचं. ताव ओळखायला लोहचुंबक ठेवा: 770 अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्याच्या किंचित वर जाऊन विझवायचं. तावाचा रंग उन्हात नीट दिसत नाही, म्हणून लोहारशाळा अंधारी बरी. कमानीच्या पोलादाला कोमट तेल योग्य. थंड पाण्यात ते तडकू शकतं. जोडाच्या सुरीचा फायदा इथं कळतो. धार कडक होते, पाठ मऊच राहते, त्यामुळे आडवा ताण आला तरी सुरी वाकेल, मोडणार नाही. विझवल्यावर कानस धारेवरून घसरली पाहिजे. नंतर साधारण दोनशे अंशांवर तासाभराचा शेक, घासलेल्या पात्यावर वाळलेल्या गवताचा पिवळा रंग येईपर्यंत. तो चुकवलात तर धारेचे टवके उडतील.

पिळाच्या नक्षीबद्दल लोक हमखास विचारतात. कार्बन आणि फॉस्फरस कमी-जास्त असलेल्या पट्ट्या एकत्र जोडून, पिळून, घासल्या की पात्यावर नक्षी येते. मोठ्या, मानाच्या पात्यांना ती असायची. धारेला मात्र तिथंही वेगळी पट्टीच लावायचे. समाजमाध्यमांवर हल्ली नक्षीचंच कौतुक चालतं. मी आधी धारेकडे बघतो.

मुठीचं थोडक्यात सांगतो. खिळे नाहीत, हाताला आडोसा नाही. पात्याची शेपटी तापवून लाकडाच्या किंवा शिंगाच्या आधीच पाडलेल्या भोकात जाळत घुसवायची. शेपटी तापवताना पात्याभोवती ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर दिलेलं पाणी उतरेल.

म्यानावर मात्र थोडं थांबू. फ्रँकांच्या थडग्यांमधे कातडं कुजून गेलंय, पण पात्याच्या धारेकडच्या बाजूला पितळी रिव्हेटांची रांग जागच्या जागी सापडते. त्यावरून रचना कळते: एकच तुकडा, घडी पाठीवर, जोड धारेकडे. यॉर्कला म्यानांची कातडीच मिळाली, त्यांवर पात्याच्या भागाची नक्षी वेगळी आणि मुठीच्या भागाची वेगळी. म्हणजे मूठसुद्धा बरीचशी म्यानात जायची, आणि आडोसा नसलेली सुरी पडायची नाही. मोठी सॅक्स पट्ट्याला आडवी लटकवत. इंग्लंडमधल्या रेप्टनच्या कोरीव दगडावरचा घोडेस्वार आणि मिडल्टनच्या दगडी क्रुसावरचा योद्धा पाहा. शिवण धारेकडे असल्यानं दोरा कापला जायची भीती असते, म्हणून आजचे कारागीर आत कातड्याची अरुंद पट्टी घालतात.

कातडं झाडाच्या सालीत कमावलेलंच घ्या. तिकडे ओकची साल वापरत, आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात. तेच इथं चालतं. ओलं करून सुरीभोवती आवळलं की वाळल्यावर आकार धरून राहतं. सुरीला आधी तेल लावून पातळ प्लास्टिक गुंडाळा, ओल्या कातड्यात रात्रभरात गंज चढतो. क्रोममधे कमावलेलं बाजारी कातडं असा आकार धरत नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या शस्त्र कायद्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, ते घरकामाचं किंवा शेतीचं नसेल तर, परवाना लागतो. बेअग्नोथच्या सुरीची प्रतिकृती करायची हौस कितीही असली तरी पाच-सहा इंचांवर थांबा. यॉर्कच्या बऱ्याच सुऱ्यांची धार पाजळून पाजळून इतकी झिजलीय की तिला नागमोडी वळण आलंय. म्हणजे ती माणसं या सुऱ्या रोज वापरत होती. तुम्हीही भाजी चिरा.