धक्का न देता: जुन्या मॅसीची बॅटरी

(दृश्य: सकाळचं वावर. नाल्याच्या काठाला उतारावर उभा लाल ट्रॅक्टर. मागून चार माणसं जोर लावतात.)

दर्यापूर तालुका, जिल्हा अमरावती. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे रान इतकं सपाट, की उतार शोधावा लागतो. या घरानं तो शोधून ठेवला आहे. रात्री ट्रॅक्टर इथंच आणून लावायचा. सकाळी दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबायचा, चौघांनी मागून रेटायचं आणि वेग आला की क्लच सोडायचा.

इंजिन धरतं.

गावात सल्ला एकच मिळतो: गाडी जुनी झाली, काढून टाका. भंगारवाला भाव सांगून गेला आहे. पण इंजिन खणखणीत आहे, हायड्रॉलिक नांगर उचलतं, ब्रेक लागतात. अडलं आहे ते फक्त स्टार्टरपाशी.

(दृश्य: बॉनेटवरची झिजलेली अक्षरं. स्टिअरिंग. पायानं घासून चकाकलेलं क्लचचं पेडल.)

मॅसी फर्ग्युसन ३५. नमुना इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा, इंजिन पर्किन्स घराण्याचं, तीन सिलिंडरचं, अडीच लिटरचं. भारतात ट्रॅक्टर बनू लागले तो हा काळ. १९५९ साली फरीदाबादच्या कारखान्यातून आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६० साली मद्रासला टॅफे ही कंपनी उभी राहिली आणि मॅसी इथं तयार होऊ लागली. १९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली, त्यातून बी-२७५ आला. पुढे १९७०च्या दशकात पिंजोरचा एचएमटी आला, पंजाबातून स्वराज आला. वऱ्हाडातल्या कोठ्यांमधून, टिनाच्या शेडमधून यातली कितीतरी यंत्रं आजही उभी आहेत, आणि नुसती उभी नाहीत, चालतात.

त्यांच्यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पान्यांचा एक संच आणि जाणता मिस्त्री असला की सगळं उघडतं आणि सगळं परत बसतं. दोन एकर, चार एकरवाल्या शेतकऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. नवा ट्रॅक्टर म्हणजे वर्षानुवर्षांचे हप्ते. हा फेडून झालेला आहे.

(दृश्य: मिस्त्री बॅटरीच्या पेटीचं झाकण काढतो. टर्मिनलवर निळसर-पांढरी फुलं.)

मिस्त्री दर्यापूरहून आले आहेत. मालक म्हणतात, बॅटरीच गेली, नवी टाका. मिस्त्री मान हलवतात.

“पयले तारीकडं पाहू द्या न भाऊ, मंग बॅटरीले नावं ठेवा.”

मल्टिमीटर लावला. ट्रॅक्टर नुसता उभा असताना बॅटरी १२.३ व्होल्ट दाखवते. वाईट नाही. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. आता मालक स्टार्टर दाबतात. खटक, घर्र, आणि आकडा कोसळतो. बॅटरीच्या खुंट्यांवर ९.६, स्टार्टरच्या बोल्टवर जेमतेम सात. मधले अडीच व्होल्ट वायरीतच संपतात.

डिझेल इंजिनात हवा साधारण १७ पट दाबली जाते, तेव्हा कुठे डिझेल पेटतं. तो दाब ओलांडून इंजिन फिरवायला स्टार्टर काही क्षण कित्येकशे अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह जाताना वायरीतला, जोडातला किंचित अडथळाही व्होल्ट खाऊन टाकतो. म्हणून दिव्याला पुरणारी वायर स्टार्टरला पुरत नाही.

(दृश्य: केबलवरचं रबर कापलं जातं. आतलं तांबं हिरवं-काळं.)

बाहेरून वायर शाबूत होती. आत हे असं. अर्थिंगची पट्टी तर चेसिसला, म्हणजे ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्याला, रंगावरूनच कसली होती. मिस्त्री पॉलिश पेपरनं तो रंग खरवडतात, खालचं उघडं लोखंड दिसेपर्यंत. जाड केबल नवी, दोन्ही टोकांना लग, म्हणजे बोल्टाखाली बसणारी धातूची टोकं, दाबून बसवलेले. कितीतरी बॅटऱ्या निव्वळ या चार जोडांपायी भंगारात जातात. तुमची मॅसी, बी-२७५ किंवा झेटर कुरकुरत असेल, तर दुकानात जाण्याआधी हे जोड बघा.

पण इथं बॅटरीचाही दोष निघाला.

(दृश्य: सहा बुचं उघडली. हायड्रोमीटरच्या काचेत वर-खाली होणारा तरंगता.)

ही ग्रॅव्हिटी बघण्याची नळी. आम्लाच्या पाण्याचं वजन साध्या पाण्याच्या किती पट, ते ती सांगते. बॅटरीत प्रत्येक बुचाखाली एक घर, म्हणजे सेल. भरलेल्या घराला मिस्त्री ‘साडेबाराशे’ म्हणतात, म्हणजे १.२५०. बाराशेच्या खाली गेलं की चार्जिंग हवं. रीडिंग सकाळी घ्यायचं, कारण तापलेल्या बॅटरीत आकडा कमी दिसतो. पहिलं घर १२२०. दुसरं १२२०. तिसऱ्या घराशी मिस्त्री थांबतात, नळी झटकून पुन्हा बुडवतात. ११२०. उरलेली तीन पुन्हा बाराशे वीसच्या आसपास. घराघरांत पन्नासाहून जास्त फरक पडला की ते घर संपलं समजायचं. आणि एक घर संपलं की बॅटरी संपली, कारण सहाही घरं एकामागून एक जोडलेली असतात.

(दृश्य: विहीर. बादली वर येते. काठावर सुकलेली पांढरी रेघ.)

कारण इथं आहे. हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर पसरलेला, जमिनीखाली खारं पाणी असलेला मुलूख. या पाण्यानं गहू भिजवायलाही माणूस दहा वेळा विचार करतो. आणि तेच पाणी उन्हाळ्यात, हाताशी दुसरं नव्हतं म्हणून, बॅटरीत गेलं. पाण्यातला क्लोराईड शिशाच्या जाळीला खातो, लोहाचा अंश बॅटरी उभ्या-उभ्या उतरवतो. आरओचं पाणीही चालत नाही, त्यात क्षार उरतातच. बॅटरीला डिस्टिल वॉटरच लागतं. मेडिकलमधल्या सलाइनच्या बाटलीत तर मीठच असतं, ती चुकूनही ओतू नका.

वर ॲसिडही घालायचं नाही. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, आम्ल आतच राहतं. ॲसिड ओतलं की आकडा चढतो, मालक खूश होतो आणि प्लेटा जळतात.

(दृश्य: दर्यापूरचं दुकान. रांगेत मांडलेल्या बॅटऱ्या. मिस्त्री मापाच्या टेपनं ट्रे मोजल्याचा कागद दाखवतात.)

आता नवी घ्यायची. दुकानदार विचारतो, कितीची?

तीन सिलिंडरच्या डिझेल मॅसीला १२ व्होल्ट आणि ७५ ते ८८ अँपिअर-अवर (बॅटरीत किती साठतं त्याचं माप). गावाकडं नुसतं ‘अठ्ठ्याऐंशीची’ म्हटलं तरी पोचतं. कारची पस्तिसाची टाकली तर थंडीच्या सकाळी दोन-तीन दाबात ती बसते. आणि मोठी म्हणजे चांगली असंही नाही. इंजिनावर फिरून बॅटरी भरायला या गाड्यांना आजच्यासारखा अल्टरनेटर नव्हता, जुना डायनामो होता, आणि तो वीसेक अँपिअरच्या आसपासच देतो, तेही इंजिन वेगात असताना. मंद चालीवर जवळजवळ काहीच नाही. ज्याची रोजची धाव घरापासून वावरापर्यंत, त्याची दीडशेची बॅटरी कधी भरतच नाही.

घरात इन्व्हर्टर आहे, त्याची ट्युब्युलर लावू का, असं बरेच जण विचारतात. लावू नका. शंकरपटाचा बैल वेगळा आणि नांगराचा वेगळा. ट्युब्युलर बॅटरी जाड प्लेटांची, थोडं-थोडं, रात्रभर देणारी. स्टार्टरला पातळ आणि पुष्कळ प्लेटांची हवी, जी काही सेकंदांत सगळं ओतू शकेल.

पाणी न लागणारी, सीलबंद बॅटरी दुकानदार आधी पुढे करतो. नव्या ट्रॅक्टरला ती ठीक आहे. जुन्या डायनामोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर मात्र स्प्रिंगवर आणि पॉइंटवर चालतो. तो ढिला झाला की व्होल्टेज साडेचौदाच्या वर जातं, बॅटरी उकळते, पाणी उडतं. बुचांची बॅटरी असेल तर पाणी भरता येतं. सीलबंदात काय करणार? आमचं मत स्पष्ट आहे: डायनामो आहे तोवर बुचांचीच घ्या.

आणि तीन गोष्टी दुकानातच बघून घ्या. ट्रेत बसेल का. खुंट्या डावीकडं की उजवीकडं, कारण उलट निघाली तर केबल पोचत नाही. आणि बनल्याची तारीख. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेली भरलेली बॅटरी विकत घेण्याआधीच अर्धी झालेली असते.

(दृश्य: नवी बॅटरी पेटीत. मिस्त्रींचा हात केबलपाशी थांबतो.)

इथं नीट बघा. आजच्या सगळ्या गाड्यांत बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला असतो. १९५०-६०च्या दशकातल्या पुष्कळ ब्रिटिश घडणीच्या ट्रॅक्टरांत उलट होतं: पॉझिटिव्ह चेसिसला. ही मॅसी त्यातलीच, आणि अजून तशीच आहे. सवयीनं निगेटिव्ह चेसिसला जोडला असता तर काय झालं असतं? स्टार्टर फिरला असता, अगदी त्याच दिशेनं, म्हणून कुणाला संशयही आला नसता. डायनामो मात्र उलट्या बाजूनं ढकलत राहिला असता, डायनामो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटचे पॉइंट जळाले असते.

म्हणून जुनी बॅटरी काढण्याआधी कोणती खुंटी चेसिसला आहे, ते खडूनं पेटीवर लिहून ठेवा. जाड खुंटी पॉझिटिव्ह, बारीक निगेटिव्ह. गाडी निगेटिव्ह अर्थवर (निगेटिव्ह चेसिसला) आणायची असेल तर आणता येते: प्रवाह दाखवणाऱ्या अँमीटरच्या वायरी अदलाबदल करायच्या, आणि डायनामोच्या एफ (फील्ड) टर्मिनलला बॅटरीच्या लाईव्ह वायरीचा क्षणभर स्पर्श देऊन त्याचं चुंबकत्व नव्या दिशेला वळवायचं. हे जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

चेसिसची केबल काढताना आधी, लावताना शेवटी. पाना चुकून पत्र्याला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही.

(दृश्य: पट्टा कसला जातो. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. मिस्त्री बॅटरी हलवून बघतात, हलत नाही.)

बसवणं म्हणजे नुसतं ठेवणं नव्हे. तीन सिलिंडरच्या धडधडीनं सैल बॅटरीच्या प्लेटांवरचा लेप झडतो, तळाशी साचतो आणि घर शॉर्ट होतं. खाली रबर, वर पट्टा, आणि पट्टा खुंट्यांपासून दूर.

(दृश्य: उकळतं पाणी, खाण्याचा सोडा, फेस. मग पुसून व्हॅसलीन.)

टर्मिनलवर फुलं आली की सोड्याचं पाणी. बुचं घट्ट लावून मगच ओतायचं, आत थेंबही जाता कामा नये. धुऊन, कोरडं करून, कसून, शेवटी वरून व्हॅसलीन.

(दृश्य: टिनाचा शेड. दुपार. पत्र्यावरून तरळणारी हवा.)

मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५च्या पुढं जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. साधारण दहा अंश उष्णता वाढली की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. नांगरणी-वखरणीचे हेच दिवस. दर पंधरवड्याला बुचं उघडा, प्लेटांच्या वर बोटाच्या पेराएवढं पाणी ठेवा. ट्रॅक्टर कडुनिंबाखाली लावता आला तर लावा.

पण बॅटरी नुसती उन्हातच मरत नाही, पावसात उभी राहूनही मरते. पेरणी झाली की काळ्या मातीत ट्रॅक्टर घालता येत नाही. जुलैपासून सोयाबीन निघेपर्यंत तो उभा. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं, आठवड्या-आठवड्यानं कडक होत जातं आणि मग चार्जरलाही दाद देत नाही. म्हणून वावरातलं काम थांबलं की चेसिसची केबल काढून ठेवा. महिन्यातून एकदा चार्जर लावा, क्षमतेच्या दहाव्या भागानं: अठ्ठ्याऐंशीला आठ-नऊ अँपिअर. लाईन येईल तेव्हा लावा, पण पूर्ण होऊ द्या. त्या वेळी खोलीची खिडकी उघडी आणि जवळ बिडी नाही, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

जमिनीवर ठेवली तर बॅटरी उतरते, हे आजही ऐकू येतं. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला ते लागू नाही. तरी फळीवर ठेवा, ओल लागत नाही.

(दृश्य: मालक स्टार्टर दाबतात. इंजिन पहिल्याच फेऱ्यात धरतं. मागे उभी असलेली पोरं हसतात.)

जुनी बॅटरी दुकानदाराला परत करा. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. उघड्यावर फोडून शिसं वितळवलं, ॲसिड नाल्यात ओतलं, तर ते विष माती-पाण्यात जातं आणि सर्वांत आधी लहान पोरांना बाधतं.

नव्या बॅटरीच्या डब्यावर मिस्त्रींनी रंगानं तारीख लिहिली आहे, आणि खाली दोन शब्द: ‘पॉझिटिव्ह अर्थ’. पुढचं पाणी पंधरा दिवसांनी.