रॅकमधला जागता कान

[दृश्य: रात्र. रेडिओ केंद्राची रिकामी खोली. रॅकमधले हिरवे दिवे.]

रात्रीचे दोन वाजत आलेत. अमेरिकेतल्या कित्येक छोट्या रेडिओ केंद्रांत या वेळी माणूस नसतो. गाणी संगणक लावतो, जाहिरातीही तोच लावतो. जागी असते ती रॅकमधली (यंत्रं ठेवायच्या चौकटीतली) चार बोटं उंचीची, आणीबाणीचे इशारे ऐकणारी ही पेटी. इंजिनिअर मंडळी तिला ‘एंडेक’ म्हणतात, म्हणजे एन्कोडर आणि डिकोडर एकत्र. नियमानं ठरवून दिलेल्या किमान दोन ठिकाणांवर तिचा कान सतत लागलेला असतो. २०१२पासून इंटरनेटवरून येणारे सरकारी इशारेही तिला घ्यावे लागतात.

[ध्वनी: खरखर, तीनदा.]

ही खरखर नीट ऐका, यात मजकूर आहे. सेकंदाला सुमारे ५२० बिट. सुरुवातीला झेड-सी-झेड-सी, मग इशारा कोणी दिला, कशाचा, कोणत्या काउंटीसाठी (म्हणजे जिल्ह्यासाठी), किती वेळ लागू. टी-ओ-आर आलं की टोर्नेडो. तेच ते तीनदा येतं, कारण वादळात सिग्नल तुटतो. तिनांपैकी दोन प्रती अक्षर न् अक्षर जुळल्या की पेटी ते खरं मानते. इशारा आपल्या भागाचा असेल तर चालू गाणं मध्येच थांबतं आणि पेटी तीच खरखर स्वतःची ओळख जोडून पुढे धाडते. मग ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतात. झोपलेला माणूस दचकून उठावा असाच तो आवाज आहे. त्यानंतर निरोप, आणि शेवटी चार वेळा एन: संपलं.

या सगळ्यात ‘लावू की नको?’ असं विचारणारं कुणी नाही.

[दृश्य: जुना टेलिप्रिंटर.]

पूर्वी होतं. २० फेब्रुवारी १९७१, शनिवार सकाळ. कोलोरॅडोतल्या लष्करी केंद्रातून चाचणीऐवजी खऱ्या आणीबाणीची टेप चुकून सुटली. देशभरच्या केंद्रांत कागदावर आदेश उमटला, सोबत तो खरा असल्याची खूण पटवणारा सांकेतिक शब्दही. तरी बहुतेक निवेदकांनी कार्यक्रम थांबवला नाही. त्यांना शंका आली. त्या दिवशी ती शंका उपयोगी पडली. खरोखरच हल्ला झाला असता तर तीच जीवघेणी ठरली असती. १९९७पासून ही पेटी आली आणि माणसाची घुटमळ बाजूला झाली.

मला हे योग्यच वाटतं. टोर्नेडो घुटमळत नाही. पण घुटमळ काढली की तिच्या जागी आधीच घेतलेली काळजी हवी, आणि ती पेटीसोबत खोक्यात येत नाही.

१८ जानेवारी २००२. नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावाजवळ मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरली. अमोनियाचा ढग घरांवर आला. पोलिसांना रेडिओ केंद्रावर फोनवर कुणी भेटेना आणि इशारा यंत्रणेतूनही निरोप गेला नाही. एक माणूस दगावला.

२०१३मध्ये मोंटानातल्या एका टीव्ही केंद्रावरून मेलेले लोक थडग्यांतून उठल्याचा ‘इशारा’ घराघरांत वाजला. पेटीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. पुढच्याच वर्षी एका रेडिओ कार्यक्रमात २०११च्या राष्ट्रीय चाचणीचं ध्वनिमुद्रण वाजलं. ऐकणाऱ्या माणसांना ती गंमत कळली, पण ऐकणाऱ्या पेट्यांना राष्ट्राध्यक्षांच्या इशाऱ्याचा संकेत ऐकू आला. एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला, असं ते अनेक राज्यांत पसरलं. दंड झाला दहा लाख डॉलर. असं होऊ नये म्हणूनच ही खरखर किंवा हे सूर जाहिरातीत किंवा नाटकात वापरायला तिथे आधीपासूनच बंदी आहे. (आणि म्हणून आपण मघाशी ऐकवलेली खरखर मुद्दाम बिघडवलेली होती.)

[दृश्य: सकाळ. इंजिनिअरच्या हातात नोंदींची वही.]

दर आठवड्याला एक छोटी चाचणी येते. नुसती खरखर आणि चार एन, निरोप नाही. ती कुठून कधी आली, आपण कधी पाठवली, याची नोंद ठेवावी लागते. आली नाही तर का नाही, हेही लिहावं लागतं.

या आठवड्यात पहिल्या केंद्राची चाचणी आलीय. दुसऱ्याची ओळ कोरी आहे. इंजिनिअर वही मिटतो, मल्टिमीटर घेतो आणि ॲन्टेनाची केबल बघायला गच्चीवर जातो.