काळ्या दगडावरचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाडा म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि हंड्यांची रांग, एवढंच बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडचे लोकसुद्धा पावसाळा लागला की गाडी काढतात आणि थेट लोणावळ्याचा रस्ता धरतात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण आपल्या बालाघाटाच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांत जे धबधबे आहेत ते पाहायला यावेत असेच आहेत. फक्त ते बारा महिने थांबत नाहीत. आपला धबधबा पाहुण्यासारखा येतो, तो घरी असेल तेव्हाच त्याला भेटावं लागतं.

आपले धबधबे असे सरळ, भिंतीवरून पडल्यासारखे का पडतात? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर बसले. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाणी ठिसूळ थर कोरतं, कठीण थर वर छज्जासारखा राहतो आणि नदी त्यावरून उडी घेते. इंग्रजीत या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. अजिंठ्याला वाघूर नदी लेण्यांच्या वरच्या अंगाला अशाच पायऱ्या उतरत येते, तिथली सात कुंडं तुम्ही पाहिली असतील. जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी २८ एप्रिल १८१९ रोजी त्या दरीत आला, असं आपण वाचतो. एप्रिलचा शेवट! मला नेहमी वाटतं, बिचाऱ्याला लेणी दिसली, पण वाघूर काही दिसली नसणार. तो ऑगस्टात यायला हवा होता.

पण आज मला सांगायचंय ते सौताड्याचं. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बीडहून जामखेडला जाताना हे गाव लागतं. रस्त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. सपाट माळ, ज्वारीची रानं. आणि एकदम जमीन फाटते. विंचरणा नदी त्या फटीत कोसळते, खाली रामेश्वराचं देऊळ आहे, दरीत उतरायला पायऱ्या आहेत.

काही वर्षांपूर्वी श्रावणात मी तिथे गेलो. नवा तिपाई स्टँड घेतला होता, लेन्सवर लावायची काळी काचही घेतली होती. ही काच लावली की उजेड कमी होतो, कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवता येतो आणि पडणारं पाणी रेशमासारखं गुळगुळीत दिसतं. असे फोटो तुम्ही कॅलेंडरांवर पाहिले असतील. मी दोन सेकंदांचा फोटो घेतला. दूध सांडल्यासारखा पांढराशुभ्र धबधबा. मला तो इतका आवडला की त्याचा मोठा प्रिंट काढला.

पायऱ्यांच्या वरच्या टोकाला एक आजी बेल आणि फुलं विकायला बसायच्या. त्या दिवशी पाऊस आला तेव्हा त्यांनी आपल्या प्लॅस्टिकच्या कागदाखाली मला आणि माझ्या कॅमेऱ्याला जागा दिली होती. म्हणून पुढच्या सोमवारी मी तो प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, “आजी, तुमच्यासाठी आणलाय.”

त्यांनी हात पदराला पुसले. फोटो लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाल्या, “बापू, ह्यो कापूस हाय. पाणी कुठंय?”

मी समजावून सांगायला लागलो, की आजी, ही एक पद्धत असते, पडदा दोन सेकंद उघडा ठेवला की... त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला हाताला धरून कठड्यापाशी नेलं आणि बोट दाखवलं. भिंतीच्या मधोमध एक दगड पुढे आलाय. पाणी वरून येतं, त्या दगडावर आपटतं आणि उजवीकडे फुटून उडतं. “ते उडतंय ना, ते माझ्या बेलावर येतं वारं सुटलं की. ते न्हाई तुझ्या फोटूत.”

खरंच नव्हतं. दोन सेकंदांत तो फुटलेला थेंब न् थेंब धुक्यात विरघळून गेला होता. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. “पाणी लाल हाय का न्हाई? रानातली माती हाय ती.” माझ्या फोटोत मातीही धुऊन निघाली होती. ते पाणी सौताड्याचं राहिलंच नव्हतं. जगातल्या कुठल्याही धबधब्याचं असतं तसं झालं होतं.

मग त्या बसल्या आणि बहात्तर सालचं सांगायला लागल्या. १९७२ चा दुष्काळ, त्या वेळी त्या लहान होत्या, आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. त्या साली इथे धबधबा पडलाच नाही म्हणाल्या. काळ्या दगडावर नुसता एक ओला वळ होता, वरून खालपर्यंत. “आमी तो वळ बघायला यायचो. वाळला का ओला हाय, येवढंच.” ज्या माणसानं तो ओला वळ पाहिलाय, त्याला थेंब म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळणार, हे मला तिथे बसल्या बसल्या पटलं.

मी काळी काच काढून ठेवली. खाली उतरलो, सेकंदाचा आठशेवा भाग एवढाच पडदा उघडा ठेवला आणि त्या पुढे आलेल्या दगडावर नजर रोखून बसलो. दीडेक तास बसलो. वाऱ्याचा झोत आला की पाण्याचा पदर उजवीकडे उडायचा. त्यातला एक फोटो निघाला. लालसर पाणी, काळा दगड, आणि हवेत सुटे सुटे थेंब. तो प्रिंट नेला तेव्हा आजींनी काही बोलायच्या आधी बोट बरोबर त्या दगडावर ठेवलं. “हां. ह्यो उडतोय बघ.”

तेव्हापासून मी पाण्याला रेशीम करत नाही. कुणी करत असेल तर करू दे, पण मला वाटतं आपल्या भागातल्या पाण्याची माती आणि त्याचा मार फोटोत दिसला पाहिजे. आणि फोटो कागदावर काढा हो! मोबाइलमधला फोटो आजींच्या भिंतीवर कसा लागणार?

आता वेळ थोडा उरलाय, तेव्हा मोजकं सांगतो. आधी वरचं आभाळ बघा, मग खालचं पाणी. परत सांगतो, आधी वरचं आभाळ बघा. दरीत ऊन असेल आणि नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झाला असेल, तरी लोंढा येतो. पाण्याचा रंग अचानक गढुळला, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की कॅमेरा न आवरता, आहात तसे वर या. शेवाळलेल्या दगडावर चप्पल घालून जाऊ नका. डोहात उतरू नका, पोहता येत असलं तरी. फोटोत एखादं माणूस किंवा देवळाचा कळस येऊ द्या, म्हणजे उंची कळते. लेन्स पुसायला जुन्या धोतराचं मऊ फडकं न्या, त्याला तोड नाही. आणि वेफरची रिकामी पाकिटं वर घेऊन या. रामेश्वराच्या दारात ती पाहिली की माझं डोकं फिरतं.

पाटोद्याकडे परवा रात्री जोरात पाऊस झाल्याचं कळलंय. उद्या पहाटे मी निघतोय. पिशवीत छत्री, फडकं, भाकरी आणि ठेचा आहे. त्याच लालसर पाण्याचा आणखी एक प्रिंटही आहे, आजींच्या सुनेनं माहेरी द्यायला मागितलाय. नमस्कार.