त्रास वाढला म्हणजे औषध लागू पडलं?

[दृश्य: न्यू जर्सीतलं एक परसदार. जूनची सकाळ. कापलेलं गवत संपतं आणि ओकची झाडी सुरू होते.]

लॉन आणि झाडी यांच्यामधला हा पट्टा बघा. पडलेली पानं, सावली, ओल. काळ्या पायांची गोचीड इथेच असते. गावाकडे गुरांच्या कानात टम्म फुगलेल्या गोचिडी ज्यांनी पाहिल्यात, त्यांनाही ही चटकन दिसत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जी चावते ती हिची लहान अवस्था. आकार खसखशीच्या दाण्याएवढा. उंदराचं रक्त पिताना बोरेलिया बर्गडॉर्फेरी हा जिवाणू तिच्या पोटात आलेला असतो. ती माणसाला चिकटून सहसा चोवीस तासांहून जास्त वेळ राहिली, तर तो माणसाच्या अंगात उतरतो.

हा लाइम आजार. नाव कनेटिकट राज्यातल्या लाइम गावावरून पडलं. 1975 च्या सुमारास तिथल्या मुलांचे सांधे सुजायला लागले आणि तपास सुरू झाला. आज अमेरिकेत दरवर्षी अंदाजे 4,76,000 लोकांना या आजाराचं निदान होऊन उपचार दिले जातात. रुग्ण मुख्यतः ईशान्येकडच्या राज्यांत आणि विस्कॉन्सिन, मिनेसोटात सापडतात. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स म्हणजे मराठी मंडळांची भरवस्ती, तीही याच पट्ट्यात येते.

दोडामार्ग-सत्तरीकडच्या लोकांना गोचीड माहीत आहे ती माकडतापामुळे. तो आजार वेगळा, विषाणूचा. लाइमच्या जिवाणूवर मात्र अँटिबायोटिक चालतं, आणि गडबड नेमकी इथूनच सुरू होते.

[दृश्य: दंडावरचा लालसर चट्टा. बाजूला मोजपट्टी.]

चावल्यापासून 3 ते 30 दिवसांत चट्टा येतो. तो हळूहळू पसरतो, पाच सेंटिमीटरच्या पुढे जातो, बहुधा खाजत किंवा दुखत नाही. पुस्तकातल्या चित्रासारखी गोल वलयं प्रत्येकाला दिसत नाहीत. सावळ्या त्वचेवर तर तो नुसता काळसर डाग वाटू शकतो. रोज उजेडात फोटो काढा, कडेने पेनने रेघ मारून ठेवा. रेघ ओलांडून पुढे गेला, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. या टप्प्यावर रक्ततपासणीची वाट बघायची नसते. अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या दिवसांतला ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट फसवा असू शकतो. निदान डोळ्यांनी होतं. मोठ्या माणसाला सहसा डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. गरोदर बाईला अमॉक्सिसिलिन. एवढ्यात बहुतेक जण बरे होतात.

बहुतेक, सगळे नाही. उपचार पूर्ण झाल्यावरही साधारण शंभरातल्या पाच ते दहा जणांना थकवा, अंगदुखी, विसराळूपणा महिनोन् महिने राहतो. हा त्रास खरा आहे. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून त्यांना परत पाठवणारे डॉक्टर त्यांना इंटरनेटच्या दारात नेऊन सोडतात. आणि तिथे उत्तर तयार असतं: जिवाणू लपून बसलाय, औषध वाढवा.

हे तपासून पाहिलं गेलंय. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचण्यांत एका गटाला तीस दिवस शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक आणि पुढे साठ दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं, दुसऱ्या गटाला औषध नसलेला द्रव आणि गोळ्या. दोन्ही गटांच्या निकालांत फरक दिसला नाही. 2016 मध्ये नेदरलँड्सच्या चाचणीत बारा आठवड्यांच्या जादा गोळ्यांचा तोच निकाल लागला.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. गोळ्यांच्या स्ट्रिप, हिरव्या पावडरची बरणी, थेंबांच्या बाटल्या.]

तरीही घरोघरी हे टेबल मांडलं जातं. अमेरिकेत काही जण मत्स्यालयातल्या माशांसाठी विकलेल्या कॅप्सूल घेतात. त्या माणसांसाठी कुणीही तपासलेल्या नसतात. इथल्या मराठी घरांत त्याची गरज पडत नाही, भारतातून येताना बॅगेत स्ट्रिप येतातच. औषध तेच, पण देणारा गायब. मग डॉक्सिसायक्लिन पाणी न पिता, झोपायच्या आधी गिळलं जातं, गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे व्रण पडतो. ही गोळी मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर हवं, नाहीतर औषध रक्तात कमी पोचतं. उन्हात त्वचा भाजते, सावळ्या रंगालाही. सतत डोकं दुखून नजर अंधुक झाली, तर कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

आता सगळ्यात घातक गैरसमज. लाइमवर अँटिबायोटिक सुरू केल्यावर काहींना पहिल्या चोवीस तासांत थंडी-ताप येतो, अंग मोडून येतं. यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात तिला. ती खरी आहे, आणि एका दिवसात ओसरते. पण स्वतःच उपचार करणाऱ्यांच्या जगात ती आठवडेच्या आठवडे चालते. पुरळ उठलं तरी ‘हर्क्स’. जुलाब लागले, डोळे पिवळे दिसले, तरी जिवाणू मरतायत म्हणून आनंद, आणि डोस वाढतो. बरं वाटलं तर औषध लागू पडलं, बिघडलं तरी लागू पडलं. असा उपचार चुकतोय हे कळायला जागाच उरत नाही, आणि आमच्या मते चुकीच्या गोळीपेक्षा हेच जास्त धोक्याचं आहे.

[दृश्य: गुळवेलीचा वेल, मग पुन्हा ती बरणी.]

यात घरगुती औषधं येऊन मिसळतात. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. अश्वगंधा आणि हळदीचा जोरकस अर्क यांच्याबद्दलही अशा नोंदी आहेत. लाइमच्या नावाने विकलं जाणारं आर्टेमिसिनिन, म्हणजे मलेरियावर वापरला जाणारा वनस्पतीतला घटक, तोही त्यातलाच. एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटते. पाच एकत्र घेतल्यावर कावीळ कशाने झाली, हे कुणालाच सांगता येत नाही. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि मलेरियावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांची जोडी हृदयाचा ताल बिघडवू शकते. ईसीजी न काढता ती घेणं म्हणजे शुद्ध जुगार.

जोपर्यंत गोष्ट तोंडाने घ्यायच्या औषधाची आहे, तोपर्यंत मागे फिरायला थोडा वाव असतो. शिरेतून घेतलेल्या औषधाचं तसं नाही. दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी बसवायची आणि महिनोन् महिने सेफ्ट्रायॅक्सोन चढवायचं, असे दवाखाने आहेत आणि घरी करणारेही आहेत. ती नळी म्हणजे त्वचेवरच्या जंतूंसाठी थेट रक्तात जाणारी वाट. 2000 साली नोंदलेली एक घटना: तीस वर्षांची बाई, लाइमचा पक्का पुरावा नाही, सत्तावीस महिने नळीतून अँटिबायोटिक. नळीच्या टोकाला बुरशीने भरलेली गाठ झाली आणि ती दगावली. 2017 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ‘क्रॉनिक लाइम’च्या (त्रास राहिला म्हणजे जिवाणू अजून अंगात आहे, असं धरून दिलेल्या नावाच्या) उपचारांतून झालेल्या गंभीर संसर्गांच्या पाच घटना मांडल्या. त्यात रक्तात पसरलेला संसर्ग होता, मणक्याचा संसर्ग होता, मृत्यूही होते.

याहून विचित्र प्रकारही झालेत. 1990 मध्ये न्यू जर्सीत असे रुग्ण सापडले, ज्यांनी लाइम जळून जाईल म्हणून मुद्दाम मलेरिया टोचून घेतला होता. 2006 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बिस्मसिन या इंजेक्शनविरुद्ध इशारा दिला. बिस्मथ हा जड धातू शिरेतून दिला जात होता आणि एक मृत्यू झाला होता. क्लोरीन डायऑक्साइडचे थेंब अजून विकले जातात. ते ब्लीच आहे.

[दृश्य: वही. तारखांचे रकाने.]

कुणाचं ऐकूनही थांबायचं नसेल, तर निदान एवढं करा. पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट मात्रा आणि तारखेसह लिहा, काढा आणि चूर्णसुद्धा. एका वेळी एकच नवी गोष्ट. आणि सुरू करण्याआधी थांबायची अट लिहून ठेवा. डोळे किंवा लघवी गडद पिवळी, उजव्या बरगडीखाली दुखणं, दिवसात तीन किंवा जास्त पातळ जुलाब, पुरळ, श्वास लागणं, चक्कर: यातलं काहीही दिसलं की बंद, आणि डॉक्टर. जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घेऊ नका. अँटिबायोटिकनंतर वाढणाऱ्या आतड्यातल्या एका जंतूच्या संसर्गात तिने अपाय होऊ शकतो. हा संसर्ग औषध बंद केल्यावर काही आठवड्यांनीही उद्भवतो.

चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, मान आखडून डोकं ठणकणं, भोवळ येऊन पडणं ही खुद्द लाइमची गंभीर लक्षणं असू शकतात. त्यांच्यावर घरी काहीच करायचं नाही.

रक्ताच्या रिपोर्टवरून औषध लांबवू नका. अँटिबॉडी बरं झाल्यावरही अनेक वर्षं राहतात. आयजीएम, म्हणजे संसर्गात आधी तयार होणारी अँटिबॉडी, तिच्या पट्ट्यांचा निकाल तर पहिल्या तीस दिवसांपुरताच अर्थाचा. सहा महिन्यांच्या थकव्यात एकटा आयजीएम पॉझिटिव्ह आला, तर तो बहुधा खोटा असतो.

मग थकवा कशाचा? शाकाहारी मराठी घरात पहिला संशय बी-12 च्या कमतरतेवर घ्यावा. मुंग्या, विसराळूपणा, गळाठा, सगळं जुळतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, झोपेत श्वास अडकणं, संधिवात. त्याच गोचिडीतून येणारा बबेसिया हा परजीवीही असतो. तो तांबड्या पेशींत राहतो आणि डॉक्सिसायक्लिनला दाद देत नाही. ‘क्रॉनिक लाइम’ समजून ज्यांच्यावर उपचार झाले, त्यांच्यात नंतर कर्करोग सापडल्याच्याही नोंदी आहेत.

[दृश्य: बारीक टोकाचा चिमटा, त्वचेलगत.]

गोचीड दिसली तर रॉकेल, व्हॅसलीन, जळती उदबत्ती काही नको. चिमट्याने त्वचेलगत धरा, न पिळता सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. गोचीड चिकटपट्टीवर चिकटवून तारीख लिहा. ती 36 तास किंवा जास्त चिकटलेली होती असं वाटलं, तर काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिनचा 200 मिलिग्रॅमचा एकच डोस पुरू शकतो. बागेतून आल्यावर कपडे दहा मिनिटं ड्रायरमध्ये चांगल्या उष्णतेवर फिरवा. काख, बेंबी, जांघ, गुडघ्यामागची खोबण, केसांची कड तपासा. मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आजी-आजोबा बागकामात रमतात, त्यांचीही पाहणी करा.

आणि ते परत गेल्यावर पुण्यात किंवा कोल्हापुरात ताप आला, गुडघा सुजला, तर तिथल्या डॉक्टरांना लाइम सहजी सुचणार नाही. कोणत्या राज्यात, कोणत्या महिन्यात राहिलो, गोचीड दिसली होती का, चट्ट्याचा फोटो आहे का, आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे त्यांना आपणहून सांगावं लागेल.