कमरेला रुमाल बांधलेला राजा

श्रोतेहो, वसईकडच्या ज्या गावात माझे बालपण गेले, तिथल्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी वेदीपुढे एक लांब बाक मांडला जाई आणि गावातले बारा पुरुष त्यावर येऊन बसत. फादर वरचा झगा उतरवून ठेवत, कमरेला टॉवेल गुंडाळत आणि गुडघे टेकून एकेकाचा पाय धूत. एका वर्षी त्या बारांत माझे आजोबा होते. त्या दिवशी दुपारीच ते विहिरीवर जाऊन बसले आणि दगडाने टाचा घासू लागले. आयुष्यभर वाडीत, केळीच्या आणि भाजीच्या मातीत राबलेल्या त्या टाचा होत्या. साबण झाला, नारळाचा काथ्या झाला, तरी भेगांत बसलेली माती काही निघेना. शेवटी आजी म्हणाली, "अहो, धुवायलाच तर बोलावलंय ना तुम्हाला?" आजोबांनी मान वर न करता उत्तर दिले, "असले पाय फादरांच्या हातात कसे देऊ?"

आजोबांचा हा संकोच आणि योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातला, शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हाचा, त्याचा शिष्य पेत्र याचा नकार एकाच जातीचा आहे, हे मला फार उशिरा समजले. "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत," असे पेत्र येशूला म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात केवळ नम्रता नसते. त्याच्या मनात मशीहाचे एक चित्र पक्के बसलेले असते आणि समोर पाण्याचे भांडे घेऊन वाकलेला मनुष्य त्या चित्रात कुठेच बसत नसतो. ते चित्र कोणते होते, ते येशूने कसे बदलले आणि बदलताना नेमके काय सांगितले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मशीहा हा हिब्रू शब्द आणि ख्रिस्त हा त्याचाच ग्रीक अनुवाद. दोन्हींचा अर्थ अभिषिक्त, म्हणजे ज्याच्या मस्तकावर तेल ओतले गेले आहे तो. प्राचीन इस्राएलात राजांचा आणि याजकांचा असा अभिषेक होत असे. शमुवेल संदेष्टा बेथलेहेमात इशायाच्या घरी गेला, एकामागून एक सात मुलगे त्याच्यासमोरून गेले आणि शेवटी मेंढरे राखायला गेलेल्या धाकट्या दावीदाला बोलावून त्याच्यावर तेलाचे शिंग रिते केले गेले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. यशयाच्या ग्रंथात तर पारसिकांचा राजा कोरेश यालाही परमेश्वर आपला अभिषिक्त म्हणतो. शब्द मुळात असा मोकळा होता. पण दावीदाचे सिंहासन गेले, राष्ट्र बंदिवासात गेले, पुढे एकामागून एक परकी सत्ता डोक्यावर बसली आणि तेव्हा हा शब्द येणाऱ्या एका राजाच्या वाटेकडे डोळे लावून बसला.

इसवी सनापूर्वी 63 मध्ये रोमी सेनापती पाँपे याने यरुशलेम घेतले. त्याच शतकातली, बायबलमध्ये समाविष्ट नसलेली काही ज्यू स्तोत्रे शलमोनाच्या नावाने उपलब्ध आहेत. त्यांतल्या सतराव्या स्तोत्रात अशी प्रार्थना आहे की, देवा, दावीदाच्या पुत्राला राजा म्हणून उभा कर, त्याने परकीयांना यरुशलेमातून हुसकून लावावे आणि लोखंडी दंडाने त्यांचे सामर्थ्य फोडून टाकावे. ही अपेक्षा भाबडी किंवा हिंसाप्रिय लोकांची होती असे कोणी म्हणू नये. इसवी सनापूर्वी 4 मध्ये हेरोद राजा मेला आणि ठिकठिकाणी उठाव झाले, तेव्हा सिरियाचा रोमी अधिकारी वारुस याने सुमारे दोन हजार माणसांना क्रुसावर खिळल्याची नोंद योसेफस या ज्यू इतिहासकाराने केली आहे. त्याच धुमाळीत सेफोरिस हे शहर जाळले गेले, आणि सेफोरिस नाझरेथहून दीड तासाच्या चालीवर आहे. येशू ज्या गावात वाढला त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी ही आग पाहिली असणार. ज्यांची माणसे रस्त्याकडेला टांगली गेली, त्यांनी लोखंडी दंडाचा राजा मागितला, तर त्यात नवल ते काय?

याच शास्त्रात, याच लोकांच्या जपणुकीत, आणखी एक आकृती होती. यशयाच्या ग्रंथात, विशेषतः 42, 49, 50 आणि 52-53 या अध्यायांत, परमेश्वराचा सेवक म्हणून कोणी एक येतो. तो रस्त्यात आवाज चढवत नाही. चेपलेला बोरू तो मोडत नाही आणि मिणमिणती वात तो विझवत नाही. बोरू म्हणजे पाणथळीतले नळगवत. आपल्याकडे त्याची लेखणी करत, आणि चेपलेल्या बोरूची लेखणी होत नाही, म्हणून तो मोडून फेकणे हेच शहाणपणाचे ठरते. हा सेवक ते करत नाही. पुढच्याच ओळीत हिब्रू कवी तेच दोन शब्द पुन्हा वापरतो आणि म्हणतो की पृथ्वीवर न्याय स्थापन होईपर्यंत हा सेवक स्वतः मिणमिणणार नाही आणि चेपलाही जाणार नाही. भाषांतरात हा धागा बहुधा तुटतो, आणि त्यामुळे या सेवकाची सौम्यता दुबळेपणासारखी वाटू लागते. मुळात ती न थकणारी सौम्यता आहे. त्रेपन्नाव्या अध्यायात मात्र हा सेवक तुच्छ मानला जातो, वधाला नेलेल्या कोकरासारखा मुकाट राहतो आणि बहुतांचे पाप वाहतो.

हा सेवक कोण, याविषयी इथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. यशयाच्या 49व्या अध्यायात त्याला स्पष्टपणे इस्राएल म्हटले आहे, आणि अकराव्या शतकातल्या राशीसारख्या थोर ज्यू भाष्यकाराने त्रेपन्नावा अध्यायही यातना भोगणाऱ्या इस्राएल राष्ट्राविषयीचा मानला. जुन्या अरामी रूपांतरात सेवक म्हणजे मशीहा असे म्हटले आहे, पण तिथे यातना मात्र त्याच्यावरून काढून इतरांवर टाकल्या आहेत. म्हणजे राजाचे चित्र आणि मार खाणाऱ्या सेवकाचे चित्र एकाच माणसाच्या ठायी जुळवणे किती अवघड होते ते पाहा. ख्रिस्ती श्रद्धा ते दोन्ही येशूच्या ठायी पाहते. ज्यू वाचन चुकीचे ठरवून ही श्रद्धा उभी राहत नाही. आपल्या लोकांचे दुःख एकट्याने खांद्यावर घेणारा एक इस्राएली पुरुष आम्हाला भेटला, एवढीच तिची साक्ष आहे.

मार्काच्या शुभवर्तमानात हे जुळवणे किती कष्टाने घडले ते दिसते. फिलिप्पाच्या कैसरीयाकडे जाताना पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, आणि येशू लगेच आपल्या यातनांविषयी बोलू लागतो. पेत्राला ते सहन होत नाही. यानंतर येशू दोनदा हेच भाकीत करतो, आणि दोन्ही वेळा शिष्यांचे बोलणे मोठेपणाकडे वळते. एकदा वाटेत वाद होतो की आपल्यात थोर कोण. दुसऱ्यांदा याकोब आणि योहान हे भाऊ येऊन म्हणतात की तुमच्या वैभवात आमच्यापैकी एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसू द्या. येशूचे उत्तर सर्वांना परिचित आहे: परराष्ट्रीयांचे अधिपती त्यांच्यावर धनीपण करतात, तुमच्यामध्ये तसे असू नये, मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला आहे. खंडणी हा शब्द आज वर्तमानपत्रांनी गुन्हेगारांच्या स्वाधीन केला आहे, पण इथे त्याचा अर्थ दास्यातून किंवा कैदेतून माणूस सोडवण्यासाठी भरायचे मोल असा आहे. आणि मग मार्क काहीही भाष्य न करता पाच अध्याय पुढे जातो आणि लिहितो की त्यांनी त्याच्याबरोबर दोन लुटारूंना क्रुसावर खिळले, एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे. त्या दोन भावांनी मागितलेल्या जागा याच होत्या. याहून नेमके लेखन मला तरी माहीत नाही.

आता पुन्हा त्या पाण्याच्या भांड्याकडे येऊ. पाय धुणे हे त्या काळी घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचे काम होते; हिब्रू दासाला धन्याने हे काम सांगू नये, असे एका जुन्या ज्यू भाष्यात म्हटले आहे, इतके ते हलके समजले जाई. योहान या प्रसंगाची सुरुवात कशी करतो, तिकडे माझे लक्ष पुनःपुन्हा जाते. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू भोजनावरून उठला, वस्त्रे उतरवली आणि रुमाल घेऊन कमरेला बांधला. "जाणून" या शब्दावर सगळा भार आहे. आपण कोण आहोत हे विसरून किंवा बाजूला ठेवून तो वाकला नाही. सर्व काही हाती आल्यावर त्या हातांनी पहिली गोष्ट उचलली ती रुमाल. वस्त्रे उतरवणे आणि पुन्हा घेणे यांसाठी योहानाने जी क्रियापदे वापरली आहेत, तीच त्याने दहाव्या अध्यायात प्राण देणे आणि पुन्हा घेणे यांसाठी वापरली आहेत. पाय धुऊन झाल्यावर येशूने वस्त्रे पुन्हा घातली असे तो सांगतो, पण कमरेचा रुमाल सोडला असे कुठेच सांगत नाही. आणि त्या धुतलेल्या पायांत येशूला शत्रूंच्या हाती देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचेही पाय होते.

संत पौलाने फिलिप्पैकरांना तुरुंगातून पत्र लिहिले, त्याच्या दुसऱ्या अध्यायात हीच गोष्ट स्तोत्राच्या लयीत येते. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. तिथे निवृत्त सैनिकांना जमिनी दिल्या गेल्या होत्या, आणि नागरिकत्व, हुद्दा, मान यांना तिथे मोठे मोल होते. अशा गावाला पौल लिहितो की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे स्वरूप घेतले. आपल्या मराठी बायबलात इथे "देवाच्या स्वरूपाचा असूनही" असे शब्द येतात. मूळ ग्रीकमध्ये फक्त "असून" आहे. तो "ही" अर्थ लावताना जोडला जातो. "असूनही" म्हटले की देवपण एका बाजूला आणि दासपण दुसऱ्या बाजूला पडते, जणू देवाने आपल्या स्वभावाविरुद्ध काही केले. काही अभ्यासक तिथे "असल्यामुळेच" असा अर्थ वाचतात, आणि मला तोच योहानाच्या "जाणून"शी जुळणारा वाटतो. तो देवाच्या स्वरूपाचा होता, म्हणूनच त्याने दासाचे स्वरूप घेतले. या एका अक्षरावर ख्रिस्ती माणसाची देवाविषयीची सगळी समजूत उभी आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो.

मराठी कानाला दास हा शब्द परका नाही. नामदेव स्वतःला विष्णुदास म्हणवतात, आणि एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहतो. म्हणूनच 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण ओवीत छापले गेले किंवा पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले, तेव्हा या भाषेला देवाच्या सेवेचे नवल समजावून सांगावे लागले नाही. फरक मला एकच दिसतो. श्रीखंड्या कोण होता हे तो निघून गेल्यावर कळते, येशू मात्र पाय धुऊन झाल्यावर म्हणतो, "तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता, आणि ते ठीकच म्हणता, कारण मी तसा आहे." इथे वेषांतर नाही.

मात्र दास या शब्दाने आपल्या देशात माणसांवर केवढा अन्याय झाला, हे विसरून मी पुढे जाऊ शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर इतरांची घाण उचलण्याचे काम जन्माने लादले गेले, त्यांना "ख्रिस्त दास झाला, तुम्हीही दास राहा" असे सांगणे हे शुभवर्तमानाचे उघड विपर्यस्तीकरण आहे. त्या खोलीत खाली वाकला तो गुरू होता, आणि ज्यांचे पाय धुतले गेले ते त्याचे शिष्य होते, त्यांतले कित्येक कोळी. ही आज्ञा वर बसलेल्यांना आहे. चर्चलाही ती समजायला वेळ लागला. या विधीसाठी रोमी उपासनाविधीत 2016 पर्यंत फक्त पुरुषांचाच उल्लेख होता. पोप फ्रान्सिस यांनी तो बदलला. त्याआधी, 2013 मध्ये, निवड होऊन पंधरा दिवस झाले असताना ते रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा मुलामुलींचे पाय त्यांनी धुतले. त्यांत मुसलमानही होते.

कोणी विचारील की पुनरुत्थानानंतर तरी हा सेवक राजासारखा राजा झाला ना? बायबलातल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात योहानाला सांगितले जाते की यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. तो पाहतो, तर सिंहासनाजवळ वधलेले कोकरू उभे असते. शुभवर्तमानात याहून साधे दृश्य आहे. रात्रभर जाळी टाकून हाती काही न लागलेले शिष्य पहाटे किनाऱ्याकडे येतात, तर पुनरुत्थित प्रभूने कोळशाचा विस्तव पेटवलेला असतो आणि त्यावर मासळी व भाकर असते. महायाजकाच्या वाड्यात पेत्राने तीनदा नाकारले तेव्हाही तो अशाच कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता; संपूर्ण नव्या करारात हा ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. पेत्र ओल्या कपड्यांनी पाण्यातून वर येतो. त्या विस्तवाकडे पाहून त्याला काय वाटले असेल, ते योहान लिहीत नाही. येशू एवढेच म्हणतो, "या, न्याहारी करा," आणि मग भाकर घेऊन त्यांना वाढतो.