डीप पर्पलचे 'मार्क'

मित्रहो, डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे जाणते चाहते त्याचा इतिहास सालांपेक्षा 'मार्क'ने मोजतात. माणसे बदलली की मार्कचा आकडा पुढे सरकतो. १९६८ साली इंग्लंडमधील हर्टफर्ड येथे गिटारवादक रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड, ड्रमवादक इयन पेस, गायक रॉड इव्हान्स आणि बास गिटार वाजवणारे निक सिंपर यांचा जो संच जमला, तो मार्क वन. पुढच्याच वर्षी इव्हान्स आणि सिंपर यांच्या जागी गायक इयन गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर आले, तो मार्क टू. सर्वोत्तम संच कोणता, या वादात बहुधा मार्क टूचीच सरशी होते आणि तो कौल मला रास्तच वाटतो.

त्याचे एक कारण ऑर्गनमध्ये आहे. लॉर्ड यांनी हॅमंड ऑर्गन गिटारसाठीच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला, तेव्हा त्याला असा खरखरीत, दणकट आवाज मिळाला की तो गिटारच्या मागे न राहता तिच्या बरोबरीने उभा राहू लागला. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात लक्ष देऊन ऐका. आधी गिटार एकटी वाजते, मग हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) आणि ऑर्गन येतात, मग पेस यांचे ड्रम भरतात आणि बास सर्वांत शेवटी उतरतो. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील कॅसिनो अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा यांच्या कार्यक्रमादरम्यान जळाला, त्या घटनेवरचे हे गाणे. पण त्याची पकड कथेइतकीच, एकेका वाद्याला जागा करून देणाऱ्या या संयमातही आहे.

माझी तक्रार आहे ती मार्क थ्रीबद्दल. १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले आणि डेव्हिड कव्हरडेल व ग्लेन ह्यूज आले, तेव्हापासून या संचाला 'गिलनशिवायचा पर्पल' म्हणून ऐकण्याची सवय अनेकांना लागली आहे. वास्तविक येथे रचनाच बदलली होती. बास वाजवणारे ह्यूज स्वतः समर्थ गायक होते, त्यामुळे कव्हरडेल यांचा खालचा, ब्लूजमध्ये मुरलेला आवाज आणि ह्यूज यांचा वर झेपावणारा आवाज एकाच गाण्यात समोरासमोर येऊ लागले. १९७४ च्या 'बर्न' या अल्बममध्ये हे दोन आवाज ओळी वाटून घेतात, तेव्हा उणीव भासत नाही. वेगळाच बँड ऐकू येतो. त्याच वर्षीच्या 'स्टॉर्मब्रिंगर'मध्ये फंक या ठेकाप्रधान नृत्यसंगीताकडचा कल वाढला, तो ब्लॅकमोर यांना रुचला नाही, आणि १९७५ मध्ये ते निघून गेले. त्यांच्या जागी आलेले गिटारवादक टॉमी बोलिन यांच्यासोबत एक अल्बम झाला आणि १९७६ मध्ये बँड थांबला.

१९८४ मध्ये मार्क टू पुन्हा एकत्र आला, पण ब्लॅकमोर आणि गिलन यांचे पटणे अवघडच राहिले. १९९३ मध्ये ब्लॅकमोर कायमचे गेले. १९९४ मध्ये आलेले स्टीव्ह मोर्स २०२२ पर्यंत राहिले, म्हणजे ब्लॅकमोर यांच्या दोन्ही खेपा एकत्र केल्या तरी त्याहून अधिक काळ, आणि तरीही कित्येकांच्या लेखी ते शेवटपर्यंत 'नवे गिटारवादक'च होते. २००२ मध्ये लॉर्ड बाजूला झाले आणि ऑर्गनची जागा डॉन एअरी यांनी घेतली. मोर्स यांच्यानंतर आलेल्या सायमन मॅकब्राइड यांच्यासह २०२४ मध्ये नवा अल्बम निघाला, त्यातही ड्रमवर पेसच आहेत. पहिल्या अल्बमपासून प्रत्येक मार्कमध्ये असलेले ते एकटेच.