लग्न कधी करणार? : नोकरीच्या दारातला एक जुना प्रश्न

अध्यक्ष महोदया आणि श्रोतेहो,

‘स्त्रिया आणि नोकरी’ या विषयाची व्याप्ती इतकी आहे की वेतन, बढती, छळ, प्रवास यांतल्या कोणत्याही एका बाजूवर दिवसभर बोलता येईल. मी आज फक्त एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. उमेदवार मुलगी पंचविशीच्या आतबाहेरची असेल तर मुलाखतीत तो ‘लग्न कधी करणार?’ असा येतो. लग्न झालेले असेल तर ‘मुलाबाळांचा काही विचार?’ असा येतो; आणि मूल असेलच तर ‘त्याला कोण सांभाळते?’ असा. याच खोलीत तिच्या वर्गातला मुलगा ‘माझे लग्न ठरले आहे’ म्हणाला, तर त्याचे अभिनंदन होते आणि आता हा एका जागी स्थिरावेल, असा हिशेब मांडला जातो. लग्न तेच, पण त्याच्या खात्यात ते जमेला पडते आणि तिच्या खात्यात खर्ची.

हा प्रश्न एके काळी चक्क नियम म्हणून लिहिलेला असे. मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या वेष्टन विभागात अविवाहित म्हणून घेतलेल्या स्त्रीचे लग्न होताच तिची नोकरी संपत असे. ‘बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस’ या नावाने तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1965 मध्ये निकाल लागला. विवाहित स्त्रिया जास्त गैरहजर राहतात आणि विभागातले काम गटाने चालत असल्याने एकीच्या खाड्याने सगळे अडते, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने याला दिलेले उत्तर मला आजही तर्काचा उत्तम नमुना वाटते. मुलांमुळे गैरहजेरी वाढत असेल, तर ती मुले असलेल्या विधवेचीही तितकीच वाढेल. मग विधवा चालते आणि विवाहिता का चालत नाही? नियम रद्द झाला.

सरकारी खाती यात मागे नव्हती. भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांना रुजू होताना, लग्न केल्यास राजीनामा देईन, असे लिहून द्यावे लागले होते. पुढे 1961 च्या सेवानियमांतही स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटल्यास पद सोडावे, अशी तरतूद होती. मुथम्मांनी 1979 मध्ये हा प्रश्न न्यायालयात नेला, तेव्हा सरकारने नियम मागे घेण्याची तयारी दाखवली. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना मात्र 1981 मध्ये अर्धाच विजय मिळाला. पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवणारे कलम न्यायालयाने फेटाळले. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करू नये, ही अट मात्र योग्य ठरवली. तेव्हा न्यायालयाकडे जाणारी वाट दर वेळी सरळ वर गेली, असे कोणी समजू नये.

नियम गेले आणि प्रश्न अर्जाच्या छापील नमुन्यात शिरला. आयुर्विमा महामंडळ रुजू होणाऱ्या स्त्रियांकडून जे निवेदन भरून घेत असे, त्यात मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, किती वेळा गर्भ राहिला, गर्भपात झाला आहे का, असे रकाने होते. नव्याने रुजू झालेल्या एका स्त्रीने प्रसूतीची रजा घेतली आणि तिला परिविक्षेच्या, म्हणजे नोकरी कायम होण्यापूर्वीच्या काळातच कमी करण्यात आले. निवेदनात तिने खोटी माहिती दिली, हे त्याचे कारण. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कामावर परत घ्यायला लावले आणि हे रकाने काढून टाकण्यास सांगितले. लक्षात घ्या, ज्या साली देशाने आर्थिक उदारीकरण स्वीकारले, त्या साली आपण हे वाद घालत होतो.

आज हा प्रश्न सहसा कागदावर सापडत नाही. 1976 च्या समान वेतन कायद्याने भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करण्यास मनाई केली आणि तीच मनाई आता 2019 च्या वेतन संहितेत आली आहे. परंतु निवड न झालेल्या मुलीला कारण कोण कळवते? बहुतेक वेळा नकाराचे पत्रही येत नाही, नुसता फोन यायचा थांबतो. नोकरीत असलेल्या स्त्रीला दाद मागण्यासाठी हजेरीपट, पगारपत्रक, आदेश असा काहीतरी पुरावा असतो. दारातूनच परतलेल्या मुलीकडे काहीच नसते. जून 2024 मध्ये ‘रॉयटर्स’ या वृत्तसंस्थेने तमिळनाडूतल्या श्रीपेरुम्बुदूर येथील फॉक्सकॉनच्या आयफोन जुळणी कारखान्यात विवाहित स्त्रियांना कामावर घेण्याचे टाळले जाते, अशी बातमी दिली. कंपनीने आरोप नाकारला आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाने राज्याकडे अहवाल मागितला. माझे लक्ष गेले ते बातमीतल्या कारणांकडे : घरच्या जबाबदाऱ्या आणि वाढती गैरहजेरी. 1965 मध्ये खोडून काढलेला युक्तिवाद तसाच्या तसा उभा होता.

आता मालकाची बाजू पाहू, कारण ती न पाहता नुसती नीतीची भाषा करून हा प्रश्न हलणार नाही. मातृत्वलाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. दुरुस्ती चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या सव्वीस आठवड्यांचा पगार द्यायचा कोणी? कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या, म्हणजे साधारणतः महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तो त्या योजनेचे महामंडळ देते. त्यावरच्या सर्व स्त्रियांचा पूर्ण भार एकट्या मालकावर पडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2000 सालचा मातृत्व संरक्षण करार सामान्य नियम म्हणून नेमके हेच टाळायला सांगतो : हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून व्हावा. आपण हक्क समाजाच्या वतीने दिला आणि बिल मात्र स्त्रीला नोकरी देणाऱ्याच्या नावे फाडले. वीस माणसांचे कार्यालय चालवणारा गृहस्थ दुष्ट नसला तरी त्याला हा हिशेब करता येतो, आणि तो करतो. वाढीव रजेतल्या सात आठवड्यांचे वेतन काही मालकांना परत देण्याचा प्रस्ताव केंद्राने 2018 मध्ये जाहीर केला होता. स्त्री संघटनांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी मिळून त्याचा पाठपुरावा करायला हवा होता, असे मला वाटते. शिवाय रजा फक्त आईला आहे. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने पितृत्वरजेचा हक्क नाही, आणि मग मूल कोण सांभाळते हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही यात नवल कसले!

हे सगळे नेमणूकपत्र मिळणाऱ्यांचे झाले. मराठवाड्यातून साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड जोडप्याला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचलही जोडीलाच मिळते. तिथे बाईला कोणी काही विचारत नाही, कारण मुकादमाच्या वहीत तिचे वेगळे नावच नसते. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळी, गरोदरपण, बाळंतपण ही सगळी खाड्याचीच कारणे. बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती आहे, हे 2019 मध्ये उघड झाले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आजारपण, खासगी दवाखान्यांनी घातलेली भीती, लहान वयातली लग्ने ही कारणे होतीच. पण खाडा परवडत नाही, हे कारण त्या स्त्रिया स्वतः सांगत होत्या. कार्यालयातली मुलगी ‘एवढ्यात लग्नाचा विचार नाही’ असे सांगून वेळ मारून नेते. फडातल्या बाईने हाच अडथळा शरीरातून कापून काढला. दोघींच्या यातनांची तुलना होऊ शकत नाही, पण दोघींकडून मागणी एकच होते.

समोर बसलेल्या, यंदा मुलाखतींना जाणाऱ्या मुलींसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. हा प्रश्न आला तर भांडण करून उठून यावे, असा सल्ला मी देणार नाही. नोकरीची गरज तुमची आहे, माझी नाही. ‘या कामासाठी फिरती किंवा रात्रपाळी असेल तर मी ती करू शकेन’, असे कामापुरते उत्तर देऊन थांबता येते आणि घरातली माहिती न देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न कोणी, कोणत्या तारखेला विचारला, एवढे घरी येऊन वहीत लिहून ठेवा. दुसरी गोष्ट नेमणुकीनंतरची. मातृत्वलाभाची माहिती प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच लेखी देणे 2017 च्या दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केले. हा कागद फार थोड्या जणी मागतात. तो मागा, लग्न ठरलेले नसले तरी मागा, आणि तुमच्याबरोबर रुजू होणाऱ्या मुलांनाही तो वाचायला द्या.